'ब' खेळाडूची अदलाबदल

पुण्याहून जपानला आलो तेव्हा आईस हॉकीबद्दल मला जेमतेम एवढंच माहीत होतं की बर्फावर घसरत काठीनं चकती मारायची असते. कावासाकीतल्या ज्या कंपनीत मी कंत्राटावर सॉफ्टवेअरचं काम करतो, तिचा स्वतःचा व्यावसायिक संघ आहे हे कळायलाही मला वर्ष लागलं. संघातले खेळाडू कंपनीचेच नोकर. सकाळी ऑफिसात बसायचं, दुपारी सरावाला जायचं.

त्यांतला एकजण आमच्याच मजल्यावर बसायचा. तेहतीस वर्षांचा, बचावफळीतला. ऑफिसात त्याचं काम म्हणजे स्टेशनरी मागवणं, मीटिंगच्या खोल्या बुक करणं, कागदांच्या प्रती काढणं. आमची ओळख झाली ती माझ्या मुलीच्या पाळणाघरातून येणाऱ्या पत्रांमुळे. आम्ही राहतो त्या फुनाबोरीतल्या पाळणाघराला पत्रं पाठवायची भारी हौस, आणि मला कांजी ही जपानी चित्रलिपी वाचता येत नसे. तो जेवणाच्या सुट्टीत पत्र समोर घेऊन सावकाश समजावायचा. "पिशवी तीस बाय चाळीसची हवी. नाव आतून नाही, बाहेरून शिवायचं." एवढा धिप्पाड माणूस, पण अक्षरांवर पेन्सिल अगदी हलकी फिरवायचा.

गेल्या शरद ऋतूत आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे बुचोंनी, मला बोलावलं. उत्तरेकडच्या एका संघाकडून प्रस्ताव आला होता. ते त्यांचा तेवीस वर्षांचा, भरपूर गोल करणारा आघाडीचा खेळाडू देणार आणि बदल्यात आमचा बचावपटू नेणार. अशी अदलाबदल इथं क्वचितच होते, त्यामुळे ती कशी तोलायची हे कुणालाच माहीत नव्हतं.

"तुम्ही विक्रीच्या अंदाजाचं काम छान केलंत," बुचो म्हणाले. "हेही बघून सांगा."

त्यांना कोणता बचावपटू हवाय हे ऐकल्यावर मी म्हणालो, "मी त्याला ओळखतो. हे काम दुसऱ्या कुणाला दिलेलं बरं."

"ओळखता? मग उत्तमच," बुचो म्हणाले.

मी तीन हंगामांच्या नोंदी काढल्या. सामन्यांची रेकॉर्डिंग थांबवून थांबवून पाहिली. महिनाभरात चित्र स्पष्ट झालं. त्या तरुण खेळाडूचे बहुतेक गोल समोरचा एखादा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असतानाचे होते. दोन्हीकडचे पाच-पाच खेळाडू बर्फावर असताना तो साधारणच. आणि आमचा माणूस बर्फावर असला की आपल्या गोलवर येणारे फटके सरळ कमी व्हायचे. गोल त्याच्या नावावर फारसे नव्हते, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

मला स्वतःचीच शंका आली. पत्रं वाचून देणाऱ्या माणसाकडे मी झुकत तर नाही? म्हणून सगळी नावं काढून 'अ', 'ब', 'क' अशी अक्षरं घातली आणि गणित पहिल्यापासून केलं. उत्तर तेच आलं. 'ब' देऊ नये.

पहिल्या मीटिंगमध्ये बुचोंनी श्वास आत ओढला. "अवघड आहे," ते म्हणाले. जपानी ऑफिसात याचा अर्थ 'नाही' असा होतो, एवढं मी शिकलो होतो. पण नाही कशाला, ते कळेना. मग मला वय धरायला सांगितलं. धरलं. दुखापतींचा धोका धरायला सांगितलं. तोही धरला. नेतृत्वगुण धरायला सांगितले, तेव्हा ते कशात मोजायचे असं मी विचारलं. त्यावर दहा माणसं आपापल्या वहीत बघायला लागली.

तिसऱ्या मीटिंगच्या आदल्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी आला. हातात स्टेपल केलेल्या बारा प्रती. मीटिंगचे कागद त्याच्याच विभागात छापले जातात, ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती.

"'ब' म्हणजे मी, ना?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

मला मान वर करता येईना. "तुम्हाला सांगायची परवानगी नव्हती," मी म्हणालो.

"ते बरोबरच आहे. एकच विचारायचं होतं. गेल्या हंगामातला जानेवारी महिना धरलाय?"

"धरलाय. त्या महिन्यात आकडे जरा खाली गेलेत."

त्यानं डाव्या हाताची करंगळी पुढे केली. ती मधूनच बाहेरच्या बाजूला वळली होती. "मोडली होती. कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर बाहेर बसवलं असतं."

"मग तो महिना वगळतो."

"का वगळला म्हणून विचारतील," तो म्हणाला. "राहू द्या."

मी घरी येऊन तो महिना वगळून पाहिला. 'ब' आणखीच उजवा निघाला, आणि ते मला कुठेही लिहिता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये बुचो म्हणाले, "शेवटचं पान काढून टाका. निष्कर्ष नको. दोन्ही बाजू दिसल्या की पुरे."

माझा तोल गेला. "निर्णय आधीच झालाय का?" मी सरळ विचारलं. असं विचारायचं नसतं. बुचोंनी पुढचा विषय घेतला. नंतर लिफ्टमध्ये संघाचे प्रशिक्षक माझ्याशी पहिल्यांदा बोलले. "तुमचे आकडे बरोबर आहेत. पण लोक गोल बघायला येतात."

हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते. घरी बायकोपुढे मी बराच वेळ चिडचिड केली. ती मुलीच्या पिशवीला नाव शिवत होती. "ते तुला विचारत होते असं तुला का वाटलं?" ती म्हणाली. मी आणखी चिडलो.

अदलाबदल मंजूर झाली. त्याला कळवण्यात आलं, आणि त्यानं नम्रपणे सांगितलं की मुलं शाळेत रुळली आहेत, आपण उत्तरेला जाणार नाही, खेळणं थांबवतो. नोकरी कंपनीची असल्यामुळे ती राहिली. द्यायला माणूसच उरला नाही म्हटल्यावर उत्तरेकडच्या संघानं प्रस्ताव मागे घेतला. तरुण खेळाडू आला नाही आणि आमचा बचावपटूही गेला. माझा अहवाल 'संदर्भासाठी' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवला आहे, निष्कर्षाशिवाय. बुचोंनी मला मेहनतीबद्दल वाकून धन्यवाद दिले आणि पुढच्या हंगामाच्याही नोंदी ठेवायला सांगितलं.

एका रविवारी तो माझ्याबरोबर सामन्याला आला. वरून खेळ कधी पाहिला नव्हता, म्हणाला. पहिल्या भागात तो हाताची घडी घालून बसला होता. दुसऱ्या भागात आमच्या गोलच्या डाव्या बाजूला मोकळी जागा पडली. त्याला ती माझ्या कितीतरी आधी दिसली असावी, कारण तो एकदम अर्धा उठला. चकती आत गेली.

"मी निघतो," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

मला त्याच्याबरोबर जायचं होतं. पण सोमवारी आकडे द्यायचे होते, म्हणून मी बसून राहिलो आणि फटके मोजत राहिलो.