भिंतीकडची बाजू

शेरगाझीने रेडिओची मागची फळी उघडली आणि आत नाक खुपसून वास घेतला. जळका वास नव्हता. म्हणजे ट्रान्सफॉर्मर शाबूत होता. लाउडस्पीकरच्या कागदाची मात्र उंदरांनी चाळण केली होती.

"मेला का जिवंत आहे?" खाटेवरून असनालीने विचारलं.

"कोण? रेडिओ का तू?"

"रेडिओचं विचारतोय, गोगलगाये."

"जगेल. तुझ्यासारख्या बोकडाच्या घरात इतकी वर्षं काढली त्याने, त्याला काय होतंय!"

असनाली हसला, मग खोकला, आणि खोकला थांबेना. त्याची बायको बुरूल चहाची वाटी घेऊन धावत आली.

दोघं एका गावचे, एका वर्षी जन्मलेले. अशांना कुरदाश म्हणतात. कुरदाशने कुरदाशला काहीही बोलावं, बापाचं, दाढीचं, बायकोच्या स्वयंपाकाचं काढावं, रागवायचं कुणी नाही. किझिल-कियाच्या कोळशाच्या खाणीत असनाली खाली उतरायचा आणि शेरगाझी वर पाणी उपसायच्या विजेच्या मोटरींच्या दुरुस्तीला असायचा. खाण बंद पडून बरीच वर्षं झाली होती. असनालीच्या छातीतला कोळसा तेवढा तिथेच राहिला होता.

रेडिओ त्याच्या तरुणपणचा. लाकडी, कमरेएवढा उंच, चार पायांवर उभा, वर रेकॉर्ड लावायचं झाकण. टीव्ही आला तेव्हा तो गोठ्याशेजारच्या खोलीत गेला आणि तिथे त्याच्यावर कांद्याची पोती बसली. आता असनालीला झोप लागत नव्हती आणि त्याने एकच धोशा लावला होता. टीव्ही तोंडाने बोलतो, हा पोटातून बोलायचा. एकदा ऐकू दे.

फाटकापर्यंत सोडायला बुरूल आली. ती जमिनीकडे बघत बोलली.

"डॉक्टर म्हणाले, जर्दाळू फुलतील तोवर तरी राहतील का, सांगता येत नाही. ह्यांना सांगितलेलं नाही. पोरांनाही नाही."

शेरगाझीने फाटकाची कडी काढली.

"आणि तुम्ही चेष्टा थांबवू नका. थांबवलीत तर त्यांना लगेच कळेल."

"नाही थांबवणार, वहिनी."

रेडिओ गाडीवर घालून घरी आणल्यावर मग त्याला खरी अडचण कळली. चेष्टा करता आली असती. पण घाई करता येणार नव्हती. अख्ख्या खाणीत शेरगाझी संथपणासाठी प्रसिद्ध होता. मोटर जळाली, खाली खाणीत पाणी चढायला लागलं, साहेब डोक्यावर उभा राहून ओरडू लागला, तरी तो तारेचा प्रत्येक वेढा हाताने चाचपूनच पुढचा घालायचा. त्यावरूनच असनालीने त्याला गोगलगाय नाव ठेवलं होतं. त्या माणसाने काम लवकर आणून दिलं तर आजाऱ्याला काय ते समजलंच असतं. आणि सावकाश केलं तर ऐकायला माणूस राहणार नव्हता.

त्याने आतल्या कामात काही गाळलं नाही. ते गाळता येतच नाही. कंडेन्सर सुकले होते, ते सगळे बदलले. स्पीकरच्या कागदाला पातळ कागदाची ठिगळं सरसाने चिकटवली, ती बाहेरून दिसू दिली नाहीत. केंद्र दाखवणाऱ्या काट्याची दोरी नवी ओवली. व्हॉल्व्ह एकेक काढून त्यांचे पाय घासले. इतकी वर्षं झोपलेल्या रेडिओला एकदम पूर्ण वीज दिली तर तो जळतो, म्हणून विजेच्या वाटेत एक दिवा जोडून त्याला हळूहळू जागं केलं. रेडिओच्या पुढच्या दिव्याचा हिरवा डोळा पेटला तेव्हाच त्याने हात पुसले.

मधे मधे तो जाऊन यायचा.

"झाला का?" असनाली विचारायचा. आवाज दर वेळी थोडा खाली गेलेला असायचा.

"तुझ्या लग्नाची बोलणी जितकी चालली तितके दिवस तरी देशील का नाही?"

"ती तर तुझ्या तोंडामुळे लांबली."

पुढे एके दिवशी असनालीने उत्तरच दिलं नाही. नुसता हात हलवला. शेरगाझी घरी आला आणि त्याने रेडिओच्या लाकडाकडे पाहिलं. कांद्याच्या पाण्याने सगळं पॉलिश उतरलं होतं. पुढची बाजू आणि झाकण लाखेचे पातळ हात देऊन, वाळवून, घासून आरशासारखं झालं होतं. उजवी बाजूही झाली होती. डावी नुसती खरवडून ठेवलेली. ती भिंतीला लागेल, असं त्याने ठरवलं. असं त्याने जन्मात कधी ठरवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला घेऊन त्याने रेडिओ पोचवला. पण उजेडासाठी बुरूलने खाट खिडकीशी सरकवली होती, आणि प्लग होता तिथे रेडिओ ठेवला तेव्हा त्याची डावी बाजू खाटेला लागली. बदलायला जागाच नव्हती.

व्हॉल्व्ह तापले. आधी खरखर, मग ओश शहराचं केंद्र लागलं. कुणीतरी तीन तारांचा कोमुझ वाजवत होतं. तारांचा आवाज लाकडातून, जमिनीतून, खाटेच्या पायांतून वर आला. असनालीने डोळे मिटले.

"पोटातून," तो म्हणाला. "पोटातूनच बोलतोय."

बुरूल डोळ्यांना डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावून चहा आणायला गेली. असनालीचा हात खाटेवरून खाली आला आणि रेडिओच्या अंगावरून फिरायला लागला, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा. मग तो थांबला. असनालीने बोटं डोळ्यांसमोर धरली. त्यांना लाकडाचा भुसा लागला होता.

"इथे पॉलिश नाही."

शेरगाझीने तोंड उघडलं. बोकडाला कसलं पॉलिश, असं काहीतरी म्हणायचं होतं. शब्द आले नाहीत.

"पाणी चढत होतं तेव्हासुद्धा तू घाई केली नव्हतीस," असनाली म्हणाला.

कोमुझ वाजत राहिला. कुरदाशला उत्तर न देणारा कुरदाश, याहून उघड काय सांगायचं?

"बरं," असनाली म्हणाला. "बुरूलला कळू देऊ नकोस. मला कळलंय ते. तिला वाटू दे, तिने माझ्यापासून लपवलं म्हणून. तेवढ्यावरच उभी आहे ती."

दाराशी वाट्या वाजल्या. असनालीने होता नव्हता तेवढा दम छातीत भरला आणि ओरडला,

"चोरा! गोगलगाये! एक बाजू खाल्लीस माझी! बघ गं, तुझ्या लाडक्या दिराने काय केलंय!"

बुरूल हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

जर्दाळू फुलायच्या आधीच असनाली गेला. अंगणात रिवाजाप्रमाणे मयताचा तंबू उभा राहिला. पुरुष रीतीप्रमाणे काठीवर वाकून रडत रडत तंबूकडे चालत गेले. शेरगाझीही गेला. मयताला आंघोळ घालणाऱ्यांत तो होता.

चाळिसावा दिवस झाल्यावर त्याने रेडिओ घरी नेला. डाव्या बाजूला लाखेचा हात दिला, वाळू दिला, घासला, पुन्हा दिला. लागायचा तेवढा वेळ घेतला. परत आणून ठेवला तेव्हा चारही बाजू सारख्या झाल्या होत्या. वायर त्याने गुंडाळून मागे अडकवली. रिवाजाप्रमाणे मेलेल्याचं वर्षाचं जेवण होईपर्यंत त्या घरात गाणं वाजणार नव्हतं.

काळ्या कपड्यांतली बुरूल ती बाजू हाताने चाचपत उभी राहिली.

"शेवटपर्यंत त्यांना कळलं नाही ना?" तिने विचारलं.

"नाही, वहिनी," शेरगाझी म्हणाला. "मला शिव्याच देत होता."