सासऱ्यांचं घड्याळ आणि माझं मनगट

लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला सासऱ्यांनी स्वतःच्या हातातलं जुनं सोन्याचं स्विस घड्याळ काढलं आणि दिवाळसण म्हणून माझ्या मनगटावर चढवलं. काय सांगू! मी हवेतच होतो! नाशिकहून बदली होऊन चेन्नईला आलेला मी बँकेतला साधा कारकून, सासर नुंगंबाक्कममधलं तंजावरी मराठी, आणि हातात हा ऐवज!

"माप्पिळ्ळै," सासरे म्हणाले. जावयाला ते तमिळमधूनच हाक मारत. "हातातनं उतरलं तर थोरल्या जावयाला देईन. तो कधीचा मागतोय."

समोर बसलेले साडूभाऊ गोड हसले. मी मनोमन शपथ घेतली, हात तुटला तरी चालेल!

आणि हात खरंच तुटायची वेळ आली. अंबत्तूरच्या शाखेत पोचेपर्यंत घामानं थबथबलेलं मनगट, त्यावर घड्याळाचा तो सोन्याच्या जाळीचा पट्टा. हात हलला की एक केस उपटलाच! मनगट वाकवलं की चावी मांसात रुतायची. घड्याळाच्या मागच्या झाकणाखाली लालभडक गोल चट्टा उठला. पावडर लावली, तिचा चिखल झाला. खोबरेल लावलं, तर घड्याळ घसरत कोपराकडे निघालं. शेवटी बायकोनं मला न्हाणीघरात साबण लावून मनगटाची दाढी करताना पकडलं.

"अहो, आता त्याला मिशा ठेवा," ती म्हणाली, आणि मला ओढत घड्याळाच्या दुकानात घेऊन गेली.

तिथं मिळाला कापडी पट्टा! घड्याळाच्या पाठीखालून जाणारा, त्यामुळे धातू कातडीला लागतच नव्हता. अहाहा! मनगटावर काही आहे हेच कळेना.

रविवारी सासरी जेवायला गेलो तो बाही खाली ओढूनच. पण ताक घ्यायला हात लांब केला आणि बाही वर सरकली.

"हे काय? दप्तराचा बंद?" सासरे गरजले. "सोन्याचा पट्टा कुठं आहे?"

"खिशात," मी म्हणालो आणि चट्टा दाखवला. साडूभाऊंनी जेवण थांबवून, घड्याळ घ्यायला हात धुवायची तयारी केली.

"काढा ते," सासरे म्हणाले.

मी काढलं. सासऱ्यांनी कपाळाला आठ्या घालत ते स्वतःच्या हाताला बांधलं. मनगट फिरवलं, वाकवलं, पुन्हा वाकवलं. आठ्या गेल्या. मग त्यांनी घड्याळ जरा वर सरकवलं. त्यांच्याही मनगटावर तस्साच गोल डाग होता, फक्त जुना, काळपट.

"अय्यो," ते हळूच म्हणाले, "मला वाटायचं, भारी घड्याळ म्हटलं की टोचणारच!"

मी आनंदानं हात पुढे केला. "मग द्या ना, मामा!"

"सोन्याचा पट्टा तुम्हीच ठेवा, माप्पिळ्ळै. अस्सल आहे." असं म्हणून ते उठले, पायांत चपला सरकवल्या आणि शेजाऱ्यांना घड्याळ दाखवायला निघालेसुद्धा!