मायचं लुगडं आणि दुधाचं यंत्र

तांबडीनं लाथ मारली आणि यंत्राच्या चारही रबरी नळ्या तिच्या सडांवरून सुटून शेणात पडल्या. मामाचा हात दांड्यावर तसाच वरखाली होत राहिला. नुसती हवा ओढल्याचा आवाज येत होता. गाईची कास दगडासारखी भरलेली होती. दूध होतं, ती देत नव्हती. घरात माझा भाऊ भुकेनं रडत होता, आणि त्याचं रडणंही आता बारीक झालं होतं. अंगणात दोरीवर मायचं लुगडं वाळत होतं. रिठ्यानं धुतलेलं, स्वच्छ.

माय या भावाच्याच बाळंतपणानंतरच्या तापात गेली होती. मूर्तिजापूरच्या अलीकडे आमचं भाजीचं वावर होतं आणि वावरातच घर. भावाला म्हशीचं दूध पचायचं नाही, कितीही पाणी घाला. बकरीचं पाजलं तर तो ओकायचा. तांबडीचं मात्र पोटात राहायचं. म्हणजे तांबडीनं दूध दिलं तर तो राहणार, नाही तर नाही. हे घरात कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

तांबडीचं वासरू जन्मल्याबरोबर मेलं होतं. वासरू मेलं की गाय बहुधा आटते. ही आटली नाही, कारण तिनं मायलाच वासरू धरलं. माय धार काढायला बसली की गाय मान वळवून तिचं लुगडं चाटायची, चाटून चाटून पदर ओला करायची, आणि पान्हा सोडायची. मायचं ते एकच हिरवं लुगडं होतं गाईच्या कोठ्यात नेसायचं. माय गेल्यावर तिचे बाकीचे कपडे तेरवीला वाटून टाकले. हे राहिलं, कारण ते कोठ्यातल्या खुंटीवर होतं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

बाबा धारेला बसला तर गाय जवळ येऊ देईना. एकदा तो लुगडं गुंडाळून बसला. गाईनं हुंगलं, मग वर त्याच्या मिशांकडे पाहिलं आणि पाय उगारला.

"तिले समजते, बाई नाही, बुवा हाय ते," मी म्हटलं.

"चूप बस. तूच नेस मंग," बाबा म्हणाला.

मी नेसले. गाईनं पदर चाटला, पान्हा सोडला. पण सड कठीण, आणि माझी बोटं लहान. मी चौथी पास होऊन घरी बसलेली पोरगी. अर्धं दूध कासेतच राहायचं, आणि कासेत राहिलं की गाय आटत जाते.

तेव्हा मामा यंत्र घेऊन आला. लढाईत तो पलटणीच्या दूधडेअरीत कामाला होता. डेअरी मोडली तेव्हा हातानं चालवायचं एक यंत्र त्यानं भंगारातून उचललं होतं. लोखंडी डबा, वर दांडा, खाली चार नळ्या. बाबानं त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"याले पाहून तर मीबी पान्हा सोडणार नाही, साळेबुवा."

"तुमाले कोण पुसून राहिलं, भाऊजी? गाईले पुसतो मी."

मामानं घाई केली नाही. आधी यंत्र नुसतं गाईसमोर ठेवलं आणि त्यावर सरकीची ढेप ठेवली. ती बिचकली, मग खाऊ लागली. मग तो दूर बसून रिकामा दांडा हलवायचा, म्हणजे तिला आवाजाची सवय होईल. मी लुगडं नेसून तिच्या तोंडाशी उभी राहायचे. मग त्यानं एक नळी लावली, मग दोन. एक दिवस मला भाजी घेऊन बाजाराला जायचं होतं म्हणून मी लुगडं सोडून यंत्रावर टाकलं आणि गेले. परत आले तर मामा अंगणात हसत उभा.

"पोरी, तुही गरज नाही आता. ते लुगडंच चाटते."

चारही नळ्या लागल्या होत्या. डबा भरला होता. त्यानंतर भावाच्या मांड्यांना वळ्या पडल्या. पाळण्यात हसायचा. बाबा वावरातून येता येता त्याच्याशी बोलायला लागला. मायशी बोलायचा, तसंच.

मग आत्या आली, अकोल्याहून. भावाला तेव्हा सर्दी झाली होती, झोपेत दचकायचा. आत्यानं कोठ्यात लुगडं पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"मेल्या बाईचं लुगडं न धुता ठेवलं? अरे, तिचा जीव त्याच्यात हाय. ती लेकराले ओढून राहिली, म्हणून दचकते ते. तुमाले गाईची पडली, यंत्राची पडली!"

बाबा वावरात, मामा रेल्वे स्टेशनावर गेलेला. मी म्हटलं, आत्या, धुऊ नका, गाय चाटते ते. ती म्हणाली, "गाय काय, धुतलेलंबी चाटन." तिनं चूल पेटवली, लुगडं उकळलं, रिठ्यानं घासलं, आपटलं. आमच्यात असंच करतात. तिनं भावासाठीच केलं. तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते धुराचं नव्हतं.

संध्याकाळी गाईनं लुगडं हुंगलं आणि मान फिरवली.

मी तेच नेसून बसले. नाही. बाबानं मायची वाकळ आठवली, पण ती तिच्याबरोबरच जाळली होती. फणी आणली, बांगडीचे तुकडे आणले. गाय हुंगायची आणि दाराकडे पाहून हंबरायची. मामा रोज नळ्या लावायचा, ती रोज पाडायची. शेवटी रबर फाटलं, आणि तसं रबर कुठे मिळेना. मी हातानं ओढून वाटीभर काढायचे, मग तेही निघेना. आत्यानं गावातून म्हशीचं दूध आणलं, उकळून, पातळ करून, सुंठ घालून कापसाच्या वातीनं पाजलं. त्याच्या पोटात ठरलं नाही.

तो गेला तेव्हा आत्यानं त्या हिरव्या लुगड्याचा पदर फाडला आणि त्यात त्याला गुंडाळलं. बाबानं त्याला वावराच्या कडेला पुरलं. बाबा आत्याला एक शब्द बोलला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. यंत्र भंगारात गेलं. तांबडीला विकायला बाबा तयार झाला नाही. पुढे ती पुन्हा व्याली. त्या वेळी वासरू जगलं, आणि धार काढताना तिनं कोणाचंच लुगडं चाटलं नाही.

बाबा जगला. मामा जगला. आत्या म्हातारी होऊन गेली. गाय जगली, आणि मी अजून आहे.