‘ण’ची सावली
रबाळ्याच्या एमआयडीसीत फलक छापणाऱ्या एका युनिटमध्ये मी अक्षरं सजवतो. बाकीचे तयार सॉफ्टवेअरमध्ये बटणं दाबतात, मी अजून पोस्टस्क्रिप्टमध्ये हाताने प्रोग्राम लिहितो. पानावर कुठे काय काढायचं ते मशीनला सांगणारी ही जुनी भाषा. युनिटमध्ये ती येणारा मी एकटाच, आणि त्याचा मला चांगलाच माज होता.

मोरा बंदराहून एक बाई आली. तिचे वडील वारले होते, होडी आता भाऊ चालवणार होता. समुद्रात निघताना वडील रोज जे म्हणायचे ते होडीवर लावायचं होतं. तिने कागदावर लिहून आणलं होतं, ‘पानी हाय तं आपन हाय’. अक्षरं लाकडातून उठून आल्यासारखी दिसावीत, एवढंच तिचं म्हणणं.

तो तर माझा हातखंडा. वाक्य प्रोग्राममध्ये एकदाच लिहायचं. मग तेच बारा वेळा राखाडी रंगात काढायला लावायचं, दर वेळी केसभर खाली आणि उजवीकडे सरकवून. शेवटी सगळ्यांवर पांढरं. पोस्टस्क्रिप्टमध्ये नंतरचा रंग आधीच्याला झाकतो, त्यामुळे खालच्या बारांची फक्त जाडी दिसते.

टाइप करताना माझ्या हातून ते वाक्य आपोआप सुधारलं गेलं. आपोआप कसलं, मीच सुधारलं. ‘पाणी आहे तर आपण आहोत.’ तिला फोन करून विचारलंसुद्धा नाही. उलट ‘ण’च्या दांड्यांना सावली काय सुरेख पडते म्हणून स्वतःवरच खूश झालो. फलक गुंडाळून टेम्पोने गेला, त्यामुळे तिने तो थेट बंदरावरच उघडला.

आठवड्याने ती परत आली. भांडली असती तर बरं झालं असतं. भावाच्या पहिल्या फेरीला सगळं गाव जमलं होतं. लोकांनी त्याला विचारलं, पाणी वाचवायची सरकारी जाहिरात होडीवर कशाला लावलीस? तिच्या आईला वाचून दाखवलं, तर हे कोणाचं बोलणं ते तिला कळेना. चाळीस वर्षं रोज ऐकलेलं नवऱ्याचं वाक्य.

“दादा, आमचं चूक असंल,” ती म्हणाली. “पन बाबा तसंच बोलायचे.”

मला मान वर करवेना. कारण तिची बोली मला परकी नव्हती. माझी आई मिठागराच्या गावातली, मी बोलायला शिकलो तेच मुळी ‘हाय’ आणि ‘पानी’ म्हणत. शाळेत पोरं हसली म्हणून सोडलं, तिथवर ठीक. पण आजही खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीत आई लिफ्टमध्ये कोणाशी बोलली, की मी लगेच तेच वाक्य नीट करून पुन्हा म्हणतो. शेजाऱ्यांना तिचं सगळं कळतं. मलाच लाज वाटते. तिच्या वाक्यावर माझं वाक्य चढवतो आणि तिचं झाकून टाकतो.

प्रोग्राममधली ओळ मी त्या बाईसमोरच बदलली, अक्षर अन् अक्षर तिच्याकडून तपासून घेतलं. दोन मिनिटांचं काम. भावाची पहिली फेरी मात्र माझ्याच वाक्याखाली झाली होती, ती काही परत येणार नव्हती.

संध्याकाळी घरी आईला सगळं सांगितलं. वाटलं, ती रागावेल, निदान हसेल तरी. तिने ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. कित्येक वर्षांनी मी तिच्यासारखं बोललो, ‘पानी हाय तं आपन हाय’. ती चाचरत म्हणाली, “पन त्यातलं बरोबर कोनतं हाय रं? तेवढं सांग. मी तसं बोलीन.”