पाटण ते सांगली, एका सहीसाठी

साताऱ्याच्या स्टँडवरून पाटणची गाडी धरली तेव्हा माझा बेत साधा होता. कोयनेचं खोरं पाहायचं, मुक्काम करायचा, मग सांगलीला मैत्रिणीकडे जाऊन पुण्याला परत. खोरं पाहून झालं. भाताची खाचरं, माथ्यावर पवनचक्क्या, खाली नदीचं संथ पाणी.

दुसऱ्या दिवशी पाटणला एका खानावळीत भाकरी आणि खर्डा (हिरव्या मिरचीचा भरड ठेचा) घेतला. पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं. समोर बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी आपली दह्याची वाटी माझ्याकडे सरकवली. त्या हौसाबाई. शेजारी त्यांची सून संगीता. तिने ताटाला हात लावला नव्हता.

त्यांची वाडी वर डोंगरात. संगीताचा नवरा फौजेत, सीमेवर. दोन मुली, दोन्ही सिझरच्या. धाकटीच्या वेळी रक्त थांबेना, कशीबशी वाचली. पुढे मूल होऊ देऊ नका, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी बजावलेलं. नवरा सुट्टीवर येऊन गेला आणि पुन्हा दिवस गेले.

"आमच्याकडच्या दवाखान्यात गर्भ पाडनारं कुनी न्हाई," हौसाबाई म्हणाल्या. "खाली मलकापूरला जावा म्हनले."

"गोळ्या?" मी विचारलं.

"मेडिकलवाला ठेवतच न्हाई," संगीता म्हणाली. "तपासनीवाले येत्यात म्हनतो."

आमची गाडी एकच होती. मला सांगलीला पोचायची घाई नव्हती, म्हणून कराडला उतरून मी त्यांच्याबरोबर शेजारच्या मलकापूरला गेले. तिथल्या एका खासगी दवाखान्यात डॉक्टरांनी जुने कागद चाळले आणि मान वर न करता विचारलं, "दोन मुली? सोनोग्राफी कुठे करून आलात?"

मुलगी आहे हे बघून आलात का, असाच त्याचा अर्थ होता. डॉक्टरांनी खर्च सांगितला. घरची म्हैस विकल्याशिवाय तो भागणारा नव्हता. वर म्हणाले, "नवऱ्याची सही आणा. त्याशिवाय मी हात लावणार नाही."

नवऱ्याचा फोन लागत नव्हता. बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी आम्ही उभ्या राहिलो. मला वाटलं हौसाबाई डॉक्टरांना बोल लावतील.

"त्यो तरी काय करंल?" त्या म्हणाल्या. "आमच्या भागात लोकांनी पोटातल्या पोरी पाडल्याच की. माज्या जावंनं केलंय, खोटं कशाला बोलू? आता खरीला बी कुनी खरी म्हनत न्हाई."

मी सांगलीच्या मैत्रिणीला फोन केला. तिने चौकशी करून सांगितलं की तिथे सरकारी दवाखान्यात हे फुकट होतं. हौसाबाईंनी सुनेकडे पाहिलं, पिशवी उचलली, आणि आम्ही सांगलीच्या गाडीत बसलो.

पेठ नाक्याच्या पुढे गाडी पंक्चर झाली. सगळे खाली उतरलो. उसाच्या ट्रॉल्या धूळ उडवत जात होत्या. संगीता बांधावर बसली आणि इतका वेळ धरून ठेवलेलं बोलली.

"आत्ती (सासूबाई), पोरगा असला तर वो?"

हौसाबाईंना नातू हवा होता, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"असंल की," त्या म्हणाल्या. "पर तुला घालवून मी त्येचं काय करू? आन् घरच्या दोघी पोरींनी आई कुनाला म्हनायचं?"

ती रात्र आम्ही मैत्रिणीकडे काढली. सकाळी दवाखान्यात गर्दी होती, बाकावर जागा नव्हती. आमची पाळी आली. तरुण डॉक्टरबाईंनी तपासलं, जुने टाके पाहिले, त्या वेळच्या रक्तस्रावाबद्दल बारकाईने विचारलं. मुलींबद्दल काही विचारलं नाही.

"नवऱ्याची सही न्हाई," संगीताने आधीच सांगून टाकलं.

"लागत नाही. तुम्ही सज्ञान आहात. तुमची पुरते."

संगीताने पेन हातात घेतलं आणि सासूकडे पाहिलं.

"माज्याकडं काय बगतीस?" हौसाबाई म्हणाल्या. "पोट तुजं हाय."

तिने सही केली.

आम्ही दोघी बाहेर थांबलो. मी भडंग (तिखट-लसणाचे चुरमुरे) आणलं होतं. हौसाबाईंनी ते तोंडात टाकलं नाही, पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या. दुपारी सिस्टर येऊन म्हणाली, सगळं ठीक आहे. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पाणी मागितलं.

संध्याकाळी संगीताच्या नवऱ्याचा फोन आला. ती भिंतीकडे तोंड करून हळू बोलली. फोन ठेवल्यावर म्हणाली, "रडला. पर बरं केलंस म्हनला." मग तिने सांगलीत आल्यापासून पहिल्यांदा भूक लागल्याचं सांगितलं.

दोन दिवसांनी मी पुण्याला आले. आल्या आल्या एका घरगुती बैठकीत गर्भपाताचा विषय निघालाच: बाईला हा हक्क असावा का, कुठपर्यंत असावा. दोन्ही बाजू तावातावाने बोलत होत्या. मी पोहे खात ऐकत होते. संगीताला सांगलीत जी परवानगी मिळाली ती पाटणलाही तिचीच होती, मलकापूरलाही. पण ती हातात पडायला जिल्हा ओलांडावा लागला, आणि सोबत अशी सासू लागली, जिला नातू हवा होता.

त्याच डोंगरात, पुढच्या वाडीत, कुणी एकटी असेल. तिला गाडी कोणती धरायची हे सांगणारं कोण, एवढंच मला त्या बैठकीत विचारायचं होतं.