हाताने लिपलेला गिलावा

गंगापूर रोडवरच्या एका इमारतीच्या कामावर मी इंजिनियर म्हणून लागले, तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. हेल्मेट घातलेली बाई मी एकटीच, बाकीच्या घमेली वाहणाऱ्या. बायकांसाठी संडास नव्हता, म्हणून आम्ही सगळ्याच दिवसभर पाणी बेतानं प्यायचो. सहा महिने मी ठेकेदाराचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे त्याने कोपऱ्यात विटांच्या चार भिंती उभ्या करून दिल्या. गिलाव्याला मात्र गवंडी मिळणार नाही म्हणाला.

घमेली वाहणाऱ्यांत पेठकडच्या एका पाड्यावरची बाई होती. तिला गवंडी व्हायचं होतं, आणि ते ती कुणापासून लपवत नव्हती. आमचा घोटीचा म्हातारा मिस्त्री कामात पक्का, पण तितकाच हट्टी. बाईच्या हातात थापी देणार नाही, असं त्याने तिला साफ सांगितलं होतं.

"आमच्याकडं कुडाच्या भिती बायाच लिपतात," ती मला म्हणाली. "मंग हितं का नाय?"

संडासाचा गिलावा मी तिला देऊन टाकला. थापी दुसऱ्या दिवशी आणते म्हणाले, पण तिला कुठला धीर निघायला.

सकाळी येऊन पाहते तर दर्शनी भिंत तयार. घरची माती लिपावी तशी तळहाताने लिपलेली, बोटांच्या कमानी उमटलेल्या. मी हरखून गेले. मग लक्षात आलं, ती हात पदराखाली धरून उभी आहे. सिमेंटने बोटांची सालं निघाली होती. सिमेंट म्हणजे माती नव्हे, एवढं साधं सांगायचं मला सुचलं नव्हतं. चार वर्षं शिकून मी काय दिवे लावले, असं वाटून स्वतःचाच संताप आला.

मिस्त्री आला. त्याने ओळंबा सोडला. दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा सोडला. भिंत सरळ होती. मग त्याने तिचे हात पाहिले, आपली थापी धुतली आणि तिच्यापुढे धरली.

"हात बरे झाले की माझ्याशेजारी उभी राहा."

पाऊस लागल्यावर ती भाताच्या लावणीला गावी गेली, थापी घेऊनच. गावी गेलेल्या बायका सहसा परतत नसत. मिस्त्री दर चार दिवसांनी मला पेठची एसटी किती वाजता येते ते विचारायचा. मीही तेव्हा नोकरी सोडायच्या विचारात होते. तिची वाट पाहण्यात राजीनामा राहून गेला.

दिवाळी झाल्यावर ती आली. सोबत दोन भावजया. त्यांना कामावर लावण्याआधी ती थेट त्या भिंतीपाशी घेऊन गेली आणि व्रण राहिलेले आपले दोन्ही तळहात त्यांच्यापुढे उघडले.

"ही माझी चूक," ती म्हणाली. "तुमी पयल्या दिसापासून थापी धरायची."