मी थांबवलेली जीप

आमचं पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात होतं. मी वर्कशॉपमध्ये हवालदार मेकॅनिक, गाव लांजा. नाईक महेश चोगले ड्रायव्हर, गाव हर्णे. युनिटमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातले आम्ही दोघेच. त्यामुळे तो मला दादा म्हणायचा.

त्याच्याकडे जुनी डिझेल जीप होती, फोर बाय फोर. कॉम्प्युटर जोडून दोष कळेल असं तिच्यात काही नव्हतं. कान लावायचा, हात घालायचा आणि एकेक गोष्ट बाद करत जायचं.

त्या सकाळी वरच्या पोस्टवर रेशन आणि औषधं न्यायची होती. महेश गाडी घेऊन वर्कशॉपमध्ये आला.

"दादा, ही डावीकडे ओढते. खड्ड्यात गेली की खालून ठकठक."

"ब्रेक मारल्यावरच ओढते?"

"नाय, तशीच. ब्रेक मारला की जास्त."

टायरमधली हवा बरोबर होती. शॉकॲब्सॉर्बर ठीक होते. स्प्रिंगच्या पाट्याच्या टोकाचा रबरी बुश झिजला होता, तो बदलला. चालवून पाहिली, आवाज तसाच. मग सपाट जागी उभी केली आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर दोन्ही बाजूंना दोरीने मोजलं. पुढचं डावं चाक मागे सरकलं होतं. पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट सोडले तेव्हा दिसलं, पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला होता.

कंपनी कमांडर येऊन उभे राहिले.

"दुसरा घालून भागेल?"

"तसा बोल्ट स्टोअरला नाही, सर. साधा घातला आणि उतारावर तुटला, तर ॲक्सल सरकेल, गाडी हातात राहणार नाही."

"मग?"

"व्हीओआर, सर."

व्हेईकल ऑफ रोड, म्हणजे गाडी रस्त्यावर काढायची नाही. त्यांनी मान हलवली. दुसरी गाडी बाहेर गेलेली होती. ती परत येईपर्यंत सकाळ संपली. सामान हलवून महेश त्या गाडीत चढला.

"मी येईस्तवर बोल्ट मागवून ठेवा, दादा."

मी वर पाहिलं नाही. हात ग्रीसने भरले होते.

दुपारी सिग्नलवाल्याच्या तंबूतून आवाज ऐकू आला. वायरलेसवर महेशच्या गाडीचं नाव टू होतं.

"टू, लोकेशन सांगा. ओव्हर."

उत्तर नाही. त्याने पुन्हा विचारलं. मग मागून जाणारी एस्कॉर्ट गाडी बोलली.

"टू दरडीखाली. पूर्ण गाडी. ओव्हर."

आम्ही फावडी घेऊन गेलो. शेजारी बसलेला जवान जिवंत निघाला. महेश स्टिअरिंगवरच होता.

चौकशी झाली. दरड कोसळली त्या वळणावरून सकाळी गेलेल्या सगळ्या गाड्या सुखरूप पोचल्या होत्या. दरड दुपारी आली. जीप थांबवण्याचा माझा निर्णय योग्य ठरला, आणि दोष शोधल्याबद्दल परेडवर माझं नाव घेतलं गेलं. मी सावधान उभा होतो. खाली बसावंसं वाटत होतं.

रिटायर झाल्यावर हर्णेला गेलो. महेशची बायको सुजाता अंगणात मासळी वाळत घालत होती. मी तिला सगळं सांगितलं, बोल्टपासून.

"म्हणजे तुम्ही जीप सोडली असतीत, तर ते सकाळीच गेले असते?"

"हो."

"आणि वाचले असते?"

"दरडीतून वाचला असता. उताराचं सांगता येत नाही."

तिने हातातली मासळी पालथी केली.

"इतकी वर्षं कोणी एवढंही सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "चहा घेऊन जा, दादा."

तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं. आज तशीच जीप पुढ्यात आली, तरी मी ती थांबवीन. तरीही महेशची आठवण आली की त्याचं "बोल्ट मागवून ठेवा" ऐकू येतं.

नाईक महेश चोगले. गाडीत बसण्याआधी बॉनेटवर हात ठेवायचा. हर्णेच्या मासळी लिलावातली बोली अशी हुबेहूब लावायचा, की पंजाबी पोरंसुद्धा हसून लोळायची. वय एकतीस.